शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यासाठी ऑनलाइन नावनोंदणी आणि पैसे भरण्याची सोय असलेली वेबसाइट कशी करावी?

तुम्ही विचारलंय की शाळेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्याला पाच-सहाशे माजी विद्यार्थी येतील, नाव नोंदवणं आणि पैसे भरणं दोन्ही वेबसाइटवरच व्हावं, तर ती स्वतः करावी की कुणाला करायला द्यावी. आमच्या शाळेच्या मेळाव्याची नोंदणी मी दोनदा सांभाळली आहे. पहिल्यांदा फसली, म्हणून दुसऱ्या वर्षीही माझ्याच गळ्यात पडली.

वेबसाइट दोन शनिवार-रविवारांत होते. घाम फुटतो तो आलेला प्रत्येक रुपया कोणाचा, हे सांगताना.

पहिल्या वर्षी आम्ही सगळे करतात तेच केलं. गूगल फॉर्म, खाली एक क्यूआर कोड, आणि ‘पैसे भरून स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका’. आमचे खजिनदार म्हणजे शाळेतले निवृत्त गणिताचे सर. एका रविवारी सकाळी ते बँकेच्या स्टेटमेंटची चळत घेऊन घरी आले, लाकडी पट्टी एकेका ओळीखाली सरकवत विचारू लागले, “बाराशे रुपये. हा अथर्व कोण?” अथर्व नावाचा कुणी आमच्या शाळेत कधी नव्हताच. दोन तासांनी उलगडा झाला, तो एका ताईंचा मुलगा. आईचे पैसे त्याने स्वतःच्या खात्यातून भरले होते. असे चाळीस-एक निघाले. कुणी नवऱ्याच्या खात्यातून, कुणी दुकानाच्या. एका पठ्ठ्याने तर ‘प्रोसेसिंग’ असं लिहिलेलाच स्क्रीनशॉट टाकला होता, आणि आम्ही त्यावर अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळे झालो होतो!

तरीही एक सांगते. पन्नास-साठ माणसांचा कार्यक्रम असेल तर वेबसाइटच्या फंदात पडू नका, फॉर्म आणि क्यूआर पुरे. फक्त स्क्रीनशॉट मागू नका. यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक फॉर्ममध्येच लिहायला लावा. तोच आकडा स्टेटमेंटमध्ये सापडतो, नाव कुणाचंही असो.

पाच-सहाशेंसाठी मात्र पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर पैसे घेऊन ते आपल्या खात्यात पोचवणारी सेवा, लागेलच. रेझरपे, कॅशफ्री, पेयू यांपैकी कुठलाही घ्या, आपल्या कामापुरता फार फरक नाही. पण वेबसाइटचा रंग ठरवण्याआधी केवायसीचे (ओळख पटवण्याचे) कागद गोळा करायला घ्या, कारण वेळ तिथेच जातो. तुमचा माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र, संघाच्या नावाचं पॅन, संघाच्याच नावाचं बँक खातं आणि सही करणाऱ्यांची ओळखपत्रं लागतात. संघ नोंदलेला नसेल, तर शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या खात्यातून करता येईल का ते विचारा. कुणा एकाच्या बचत खात्यात सहा-सात लाख रुपये गोळा करू नका. माणूस कितीही सज्जन असो, उद्या प्राप्तिकराचं पत्र त्यालाच येणार.

गेटवेवाले तुमची साइटही तपासतात. नियम व अटी, गोपनीयता धोरण, पैसे परतीचं धोरण आणि पत्ता-फोनसह संपर्काचं पान, एवढं हवंच. आमचा अर्ज एकदा परत आला तो संपर्काच्या पानावर नुसता ईमेल होता म्हणून. परतीचं धोरण नीट विचार करून लिहा. पैसे परत केले तरी गेटवेने कापलेली फी बहुतेक वेळा परत मिळत नाही.

फीचं गणित असं. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून बँक कापते ते शुल्क, शून्य आहे, तरी गेटवे आपली वेगळी फी लावू शकतो, तेवढं आधी विचारून घ्या. क्रेडिट कार्डावर साधारण दोन टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी धरा. म्हणजे १२०० रुपयांमागे २८ रुपये ३२ पैसे. सहाशे जणांनी कार्डानेच भरले तर जवळजवळ सतरा हजार. हे पैसे वर्गणीतच धरा. शेवटच्या पानावर ‘सुविधा शुल्क’ म्हणून वेगळे दाखवले की लोक तिथूनच परत फिरतात आणि ग्रुपवर भांडतात.

आणि खजिनदारांना आधीच बसवून समजावा की गेटवेचे पैसे रोजच्या रोज येत नाहीत. दोन-तीन कामाच्या दिवसांनी, फी वजा होऊन, गठ्ठ्याने येतात. खात्यात आलेल्या रकमेला बाराशेने भागलं की भाग जात नाही, आणि गणिताच्या सरांना ते अजिबात खपत नाही. गेटवेच्या डॅशबोर्डवर सेटलमेंटचा, म्हणजे कोणत्या गठ्ठ्यात कुणाचे पैसे आले याचा, अहवाल असतो, तो उतरवून द्यायचा. वहीत जमा पूर्ण बाराशे लिहायचे, फी खर्चात दाखवायची.

आता साइट. घरात किंवा ग्रुपमध्ये वर्डप्रेस येणारं कुणी असेल तर वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर), वूकॉमर्स (त्यावर विक्रीची सोय देणारी जोडणी) आणि गेटवेचं प्लगइन, एवढ्यात भागतं. तेही नको असेल तर गेटवेचंच तयार पेमेंट पान मिळतं, त्यात नाव, वर्ष वगैरे रकाने जोडता येतात, आणि कोड एक ओळही लिहावा लागत नाही. मी हौसेने स्वतः लिहिली, आणि तिथेच दुसरी चूक केली.

माझ्या साइटवर माणूस पैसे भरून ‘धन्यवाद’च्या पानावर परत आला की त्याची नोंदणी पक्की व्हायची. माझ्या लॅपटॉपवर सुरळीत चालायचं. पण मोबाइलवर माणूस ब्राउझरमधून यूपीआयच्या ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, हिरवी खूण बघतो आणि फोन खिशात टाकतो. आमच्या पानावर तो परत येतच नाही! सवलतीच्या शेवटच्या रात्री सतरा जणांचे पैसे गेले आणि पावती कुणालाच नाही. साडेअकराला ग्रुपवर ‘पैसे कापले गेले’ सुरू झालं, ते मी पहाटे तीनपर्यंत निस्तरत होते.

यावर उपाय म्हणजे वेबहुक. पैसे जमा झाले की गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला परस्पर निरोप देतो, माणसाचा फोन चालू असो की बंद. नोंदणी पक्की करायची ती त्या निरोपावर. निरोप खरोखर गेटवेकडूनच आलाय का, ते त्यातल्या डिजिटल सहीवरून तपासायचं, रक्कमही ताडून बघायची. एकच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून पेमेंटचा क्रमांक आधी नोंदलेला असेल तर दुसऱ्यांदा पावती पाठवायची नाही. आणि क्रम असा ठेवायचा की फॉर्म भरताक्षणी नोंदणी क्रमांक तयार व्हावा, आणि तोच क्रमांक गेटवेकडे जावा. मग पैसे अथर्वने भरले काय किंवा आणखी कुणी, नाव आईचंच लागतं. कुणाला काम करायला देणार असाल तर त्याला एवढंच विचारा: “पैसे भरून ब्राउझर बंद केला तर काय होईल?” तो अडखळला तर दुसरा बघा.

फॉर्ममधल्या रकान्यांवर मात्र जास्त विचार करा, कारण ते बाहेरच्या माणसाला सुचणार नाहीत. ‘शाळेत असतानाचं नाव’ हा रकाना हवाच. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली सासरच्या नावाने नोंदवल्या गेल्या आणि यादी बघून कुणालाच कुणी ओळखेना. ‘दहावीचं वर्ष’ विचारलं तर जुने अकरावी मॅट्रिकवाले अडतात, सातवीनंतर शाळा सोडलेलेही अडतात. ‘शाळा सोडल्याचं वर्ष’ विचारा. एका मोबाइल नंबरावर एकच नोंदणी असं बंधन घालू नका, ज्येष्ठांची नावं नातवंडंच भरतात, एका फोनवरून चार-चार. परदेशातल्यांचा नंबर दहा आकडी नसतो. आणि तारीख ठरवताना कालनिर्णय बघा. आमचा रविवार नेमका संकष्टीचा निघाला, साबुदाण्याची खिचडी किती जणांची करायची हे आचाऱ्याला सांगायला पुन्हा सगळ्यांना फोन.

परदेशातल्या मंडळींबद्दल दोन गोष्टी. परदेशी कार्डं बहुतेक गेटवेवर आपोआप चालत नाहीत, ती सोय वेगळी मागून घ्यावी लागते. दुसरी गोष्ट, ‘वर्गणीसोबत देणगीही द्या’ असा रकाना उत्साहाने घालू नका. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या वर्गमित्राने दिलेली देणगी परदेशी योगदान धरली जाते, आणि संस्थेकडे एफसीआरएची (परदेशी योगदानाच्या कायद्याखालची) परवानगी नसेल तर ती घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवर दुबईत राहणाऱ्याला ते लागू नाही. देणगी वेगळ्या पानावर ठेवा आणि सीएंना दाखवूनच सुरू करा. जेवणाच्या वर्गणीवर ८०जीची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात सूट मिळवून देणारी, पावती मागणारेही भेटतील. ती देणगी नव्हे, पावती मिळणार नाही, हे साइटवरच लिहून टाका.

पावती ईमेलने जाऊ द्या, पण ती स्पॅममध्ये जाते हे गृहीत धरा. एसएमएस पाठवायचे तर डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर नाव आणि मजकूर आधी नोंदवावा लागतो, एका मेळाव्यासाठी तो उपद्व्याप मी केला नाही. पडद्यावरच मोठ्या अक्षरात नोंदणी क्रमांक दाखवला आणि ‘याचा फोटो काढून ठेवा’ असं लिहिलं.

सुरू करण्याआधी चाचणीचा मोड बंद करून खरोखरचा एक रुपया भरून बघा, आणि तो परतही करून बघा. फोन स्वस्तातला घ्या, नेटवर्क घराबाहेरचं.

मेळाव्याच्या दिवशी दारावर क्यूआर स्कॅनर लावायची हौस आम्हालाही होती. मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली नेटच येईना. कामी आली ती छापील यादी, मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांच्या क्रमाने लावलेली. आडनाव विचारलं की माणूस आधीचं सांगू की आत्ताचं या विचारात पडतो, शेवटचे चार आकडे मात्र पटकन सांगतो. सर दाराशी खुर्ची टाकून बसले होते, तीच पट्टी घेऊन.

तुमचा संघ नोंदणीकृत आहे का, आणि मेळाव्याला किती महिने आहेत, एवढं खाली लिहा. दोन महिन्यांच्या आत असेल तर स्वतः कोड लिहू नका, गेटवेचं तयार पानच घ्या.