वाचकांचे प्रश्न : सुतार की मजूर?

प्रश्न : काकू, मी न्यू जर्सीत एका लहान बांधकाम कंपनीत पेरोल बघते. आम्हाला पहिल्यांदाच फेडरल सरकारच्या इमारतीचं काम मिळालंय, म्हणजे डेव्हिस-बेकन कायद्याचे दर लागू (सरकारी बांधकामावर त्या भागातली प्रचलित मजुरी द्यायला लावणारा कायदा). शटरिंग, म्हणजे काँक्रीटचे साचे, बांधणाऱ्यांना सुताराऐवजी कमी दराचे 'लेबरर' (मजूर) दाखव, असं साहेब सांगतात. हे दर वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी मनाला येईल तसे ठरवतं, असं त्यांचं म्हणणं. सही मात्र माझी जाते. काय करू?

उत्तर : सही करू नकोस. आधी एवढं, मग बाकीचं.

दर आठवड्याला जो पेरोलचा कागद जातो, डब्ल्यूएच-३४७, त्यासोबत एक निवेदन असतं : प्रत्येकाला त्याने केलेल्या कामाच्या वर्गवारीप्रमाणे पूर्ण दर दिला आहे. त्याखाली तुझी सही. ते जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि कंपनीला तीन वर्षं सरकारी कामांतून बाद करता येतं. साहेबांशी बोलायला बसशील तेव्हा हे दोन मुद्दे आधी मांड.

माझ्याकडूनही हे घडलंय. या कामात मी एकोणीस वर्षं काढली. सुरुवातीला फोरमन सांगेल ते टाइप करायची. एका शुक्रवारी एक जण पगाराची चिठ्ठी घेऊन साइटवरच्या आमच्या ट्रेलरमध्ये आला. कमरेच्या पट्ट्यात हातोडा अडकवलेला, बोटांवर फॉर्म ऑइल, म्हणजे साच्यांना लावायचं तेल. "इथे लेबरर का लिहिलंय?" एवढंच विचारलं त्याने. सोमवारी मी हेल्मेट घालून बाहेर जाऊन उभी राहिले. सकाळी तो प्लायवूड उचलून नेत होता, ती मजुरी. पण दहानंतर दिवसभर तो पाट्या ठोकत होता, ओळंबा लावून बघत होता. तिथल्या रीतीने ते सुताराचं काम. हुद्दा काहीही असो, हातांनी जे काम केलं त्याचा दर द्यायचा. दोन्ही कामं केली तर तास वेगवेगळे लिहायचे. तसे लिहिले नाहीत, तर सगळ्या तासांना वरचा दर द्यावा लागतो. त्याला मागच्या आठवड्यांचा फरक मिळाला. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, कारण मी तशा चिठ्ठ्या महिनोन् महिने काढल्या होत्या.

माझे वडील पाटबंधारे खात्यात मस्टर कारकून होते. त्यांच्या रजिस्टरात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने असत. इथे अर्धकुशल हा मधला रकाना नाही. 'हेल्पर' म्हणून स्वस्तात कुणाला दाखवायचं, तर त्या भागात तशी वेगळी वर्गवारी खरोखर प्रचलित असावी लागते, आणि ती क्वचितच असते.

आता साहेबांचा दुसरा मुद्दा, दर मनाला येईल तसे ठरतात हा. १९२७ च्या सुमारास लाँग आयलंडवर माजी सैनिकांसाठी सरकारी हॉस्पिटल बांधायचं होतं. अलाबामाच्या कंत्राटदाराने तिकडून कमी मजुरीवर माणसं आणली, स्थानिक कारागीर बसून राहिले. तिथले अमेरिकी काँग्रेसचे (संसदेचे) सदस्य रॉबर्ट बेकन यांनी विधेयक आणलं, आणि सिनेटर जेम्स डेव्हिस यांच्यासोबत ते १९३१ मध्ये कायदा झालं. त्या चर्चेत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मजुरांबद्दल वाईट शब्द बोलले गेले, हेही खरं आहे आणि ते लपवू नये. पहिल्या कायद्यात दर कामाआधी ठरतच नव्हते. १९३५ च्या दुरुस्तीने ते टेंडरमध्येच द्यायची सक्ती आली.

दर ठरतात ते पाहणीतून. श्रम खातं कंत्राटदारांना डब्ल्यूडी-१० नावाचा फॉर्म पाठवतं : कोणत्या काउंटीत (जिल्ह्यात), कोणत्या प्रकारचं काम, किती सुतार, तासाला किती. अर्ध्याहून जास्त कारागिरांना एकच दर मिळत असेल तर तो प्रचलित दर. तसा नसेल, तर जो दर सर्वांत जास्त जणांना मिळतो तो, पण किमान ३० टक्के जणांना मिळत असला पाहिजे. तोही नसेल तर सरासरी. हा ३० टक्क्यांचा नियम १९८३ मध्ये काढला होता, ऑक्टोबर २०२३ पासून परत आला. युनियनचा दर सगळ्यांना सेंटपर्यंत सारखा असतो, म्हणून जुळणीत तो पुढे येतो. बाकीच्यांचे दर वीस ठिकाणी वीस.

सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर तुझ्या काउंटीचं दरपत्रक उघड. दराच्या डोक्यावर 'एसयू' अक्षरं असतील तर तो पाहणीतून आलाय : एकतर सरासरी, नाहीतर युनियनबाहेरचा प्रचलित दर. युनियनच्या खुणेची अक्षरं असतील तर करारातून.

पाहणीचा तो डब्ल्यूडी-१० फॉर्म भरणं ऐच्छिक आहे. तुमच्यासारख्या लहान कंपन्या तो कचऱ्यात टाकतात आणि मग दरावर चिडतात, याचं मला फार वाईट वाटतं. पुढच्या वेळी आला की तू भर.

फ्रिंज, म्हणजे विमा-पेन्शनसारख्या लाभांचा तासाचा दर, विसरू नकोस. समजा सुताराचा मूळ दर ४० आणि फ्रिंज २० डॉलर आहे, आणि कंपनी तासाला ८ डॉलर आरोग्य विम्यात भरते. तर उरलेले १२ पगारात रोख द्यायचे. ओव्हरटाइमचा अर्धा जादा दर फक्त मूळ दरावर.

साहेबांनी तरी ऐकलं नाही, तर श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाला कळव. अशी तक्रार करणाऱ्यावर सूड उगवायला २०२३ च्या नियमांनी मनाई केली आहे.

प्रश्न : साहेबांचा भाचा उन्हाळ्यात शिकायला येणार आहे. त्याला शिकाऊ म्हणून कमी दर चालेल का?

उत्तर : तो मान्यताप्राप्त अप्रेंटिस कार्यक्रमात नावनिशी नोंदलेला असेल आणि कारागिरांमागे जितके शिकाऊ चालतात त्या प्रमाणात बसत असेल, तरच. नाहीतर हातोडा धरला त्या तासापासून सुताराचा पूर्ण दर.