आजोबांच्या प्रश्नाला उत्तर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. शिक्षकांच्या प्रशिक्षणातून ‘जागतिक कौशल्यं’, ‘अध्ययन निष्पत्ती’ (म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं ते) असे शब्द घेऊन आलीस आणि पालकसभेत एका आजोबांनी विचारलं, “यात आमचे संस्कार कुठं?” तू गप्प राहिलीस. बरं केलंस. घाईनं दिलेलं उत्तर गावभर फिरतं.

आधी एक, नावांना बिचकू नकोस. २०१८ साली राज्यानं आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, जिल्हा परिषदेच्या १३ शाळा पहिल्यांदा निवडल्या. आम्हा गुरुजींत केवढी चर्चा! सरकार बदललं, मंडळ गुंडाळलं. पोरं होती तिथंच, मराठीतून शिकत.

वेळ काढून जोतीराव फुल्यांचं १८८२चं निवेदन वाच, इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं ठेवलेलं. खेड्यातल्या शाळेसाठी ते काय मागतात? मोडी नि बाळबोध लिपी, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीचं ज्ञान, नीती, आरोग्य. शिवाय शेती हातानं शिकायला नमुन्याचं छोटं शेत. इंग्रज सरकारकडं मागतानाही त्यांची नजर बांधावर होती. पण हेच जोतीराव. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंवर शेण फेकणारेसुद्धा ‘आपले संस्कार’च राखत होते की!

म्हणून आजोबांनाच विचार, संस्कार म्हणजे नेमकं काय? पंगतीत सगळ्यांना सारखं वाढायचं, ताटात टाकायचं नाही, असं म्हणाले तर पोषण आहाराच्या पंगतीत ते रोज शिकवता येतं. वर्ग मुलींनीच झाडायचा, असं म्हणाले तर नाही म्हण. आवाज न चढवता, पण नाहीच.

अभ्यासक्रम खरंच टोचतो तिथं वर कळवायला कचरू नकोस. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते ती उन्हापायी, लाडापायी नाही. दिल्लीचं वेळापत्रक तिथं कसं चालेल?

बाकी रोजचं काम साधं आहे. निष्पत्तीत लिहिलंय, ‘मूल धारकता मोजते’. लिटरचं भांडं आहेच, त्याच्याशेजारी पायली ठेव, धान्य मोजायचं जुनं माप. चार शेरांची पायली, दोनाची अधोली. दोन्हीत पाणी ओतू दे, सांडू दे, वहीत मांडू दे. अपूर्णांक तिथंच निघतील, आणि परदेशातल्या परीक्षेतही तेच विचारतात.

शाळेत पायली नसणारच. त्या आजोबांकडं माग, माळ्यावर असेल. आणून द्यायला त्यांनाच बोलव, आणि मोजून दाखवायलाही.

तुझे,
गुरुजी