बाँडवर निघालेल्या डॉक्टरला: फ्रॅक्चरमधल्या दुर्मीळ गुंतागुंतींबद्दल

प्रिय डॉक्टर,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. सोलापूर-धुळे महामार्गालगतच्या ग्रामीण रुग्णालयात बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, रुजू होणार आहेस आणि पुढे ऑर्थोच करायचं ठरवलंयस, हे वाचून फार बरं वाटलं. फ्रॅक्चरमधल्या दुर्मीळ गुंतागुंतींसाठी कुठलं पुस्तक वाचू, असं विचारलंयस. पुस्तकं तुझ्याकडे आहेतच, ती वाचच. पण त्यांत धड्याच्या शेवटी उरकलेल्या कितीतरी गोष्टी प्रत्यक्षात पहिल्या काही तासांत घडतात. त्या वेळी ऑर्थोपेडिक सर्जन साठ-सत्तर किलोमीटरवर असतो आणि पेशंटजवळ तू एकटं माणूस असतेस किंवा असतोस. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मुख्य सांगणं एकच: एक्स-रे बघून झाला म्हणून पेशंट बघून झाला, असं समजू नकोस. फोटो काढला, हाड मोडलंय हे कळलं, स्लॅब (एका बाजूनं आधार देणारं अर्धं प्लास्टर) घातला, की नातेवाईक निवांत होतात, सिस्टर निवांत होतात आणि आपणही होतो. पण पाय जातो किंवा जीव जातो तो बहुतेक वेळा स्नायू, रक्तवाहिनी आणि फुफ्फुसं यांच्यापायी. यातलं काहीही त्या फोटोत नसतं. पहिल्या तपासणीच्या वेळी तर पुष्कळदा ते सुरूही झालेलं नसतं. जो परत जाऊन बघतो त्यालाच ते सापडतं.

कंपार्टमेंट सिंड्रोम घे, म्हणजे घट्ट आवरणात कोंडलेल्या स्नायूंतलं प्रेशर वाढून त्यांचा रक्तपुरवठा तुटणं. बाइकवरून पडलेला विशीतला मुलगा, नडगीचं हाड मधोमध मोडलेलं. हा धोका सर्वांत जास्त याच वयाच्या मुलांना आणि याच हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये असतो, हे लक्षात ठेव. संध्याकाळी स्लॅब घातला, इंजेक्शन दिलं, दुखणं उतरलं. रात्री तो पुन्हा कण्हायला लागतो. दुसरं इंजेक्शन होतं, थोड्या वेळात तिसरं मागतो. वडील म्हणतात, "लाडाचा आहे, त्याला सहनच होत नाही." अशा वेळी फोनवरून तिसरं इंजेक्शन सांगायचं नाही, उठून जायचं. त्याच्या पायाचा अंगठा तुझ्या दोन बोटांत धर आणि हलकेच खाली वाकव, मग वर ताण. एवढ्याशा हालचालीनं नडगीत किंवा पोटरीत खोल कळ उठून तो ओरडला, तर ते फ्रॅक्चरचं दुखणं नाही. मग अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात कापसानं स्पर्श करून बघ. दुसऱ्या पायाइतकं कळतंय का ते विचार. पोटरी दाबून बघ, दगडासारखी लागते का.

नाडी लागते म्हणून धीर धरू नकोस. आवरणात कोंडलेल्या स्नायूतलं प्रेशर वाढलं की आधी बारीक केशवाहिन्या बंद पडतात, मोठी रोहिणी वाहतच असते. नाडी लागेनाशी होते तोवर स्नायू मेलेला असतो. साधारण सहा तास हातात असतात, आणि ते प्रेशर वाढल्यापासून मोजायचे, तू बघितल्यापासून नाही. हाडानं कातडी फाडून बाहेर तोंड काढलंय म्हणजे प्रेशर आपोआप सुटलं, हा समजही काढून टाक. उघड्या फ्रॅक्चरमध्येही हे होतं. प्रेशर मोजायचं साधन असलं तर डायस्टोलिक (खालच्या) बीपीतून आतलं प्रेशर वजा कर. उत्तर ३० किंवा त्याहून कमी आलं की धोका. म्हणूनच रक्त जाऊन बीपी उतरलेल्या पेशंटवर दुप्पट लक्ष लागतं. साधन नसलं तर तुझा हात आणि पेशंटची ओरड यांवर निर्णय घ्यायचा, आणि तो पुरेसा असतो.

करायचं काय? प्लास्टर वरपासून खालपर्यंत काप, आतला कापूस आणि बँडेजही काप, कातडी दिसेपर्यंत. नुसतं प्लास्टर चिरून कापूस तसाच ठेवला तर काम अर्धवट होतं. पाय उशीवर चढवू नकोस, हृदयाच्या पातळीला ठेव. उंच केला की आत पोचणारं रक्त आणखी घटतं. ऑक्सिजन लाव, बीपी सांभाळ आणि त्याच वेळी वरिष्ठांना फोन कर. एवढं करूनही कळ उतरली नाही तर फॅशिओटॉमी, म्हणजे स्नायूंवरचं आवरण चिरून पायाचे चारही कप्पे उघडणं. ती जिथे होते तिथे पेशंट वेळेत पोचवणं ही तुझी जबाबदारी.

लहान मूल 'दुखतंय' असंही नीट सांगत नाही. ते घाबरंघुबरं होतं, चिडचिड करतं, आणि वेदनाशामकाची गरज वाढत जाते. कोपराच्या वरचं हाड मोडलेलं पाच-सात वर्षांचं मूल रात्री रडत असेल तर त्याला हट्टी म्हणायचं नाही. त्याचा कोपर नव्वद अंशांपेक्षा जास्त दुमडून स्लॅब घालू नकोस, आणि बोटं सरळ करून बघत जा. जर्मनीतल्या हाले इथले सर्जन रिचर्ड फॉन फोल्कमन यांनी घट्ट बँडेजनंतर आखडून वाकडा झालेला हात १८८१ साली मांडला. आज एवढ्या वर्षांनीही तसे हात आपल्या ओपीडीत येतात. हाडवैद्याकडून बांबूच्या पट्ट्या आवळून आलेलं मूल दिसलं की आधी पट्ट्या सोड, बोलणं नंतर. आणि त्या आईला रागावू नकोस. तो वैद्य तिच्या गावात आहे आणि परवडतो. आपण दोन्ही नाही. तू ओरडलीस-ओरडलास तर पुढच्या वेळी ती आणखी उशिरा येईल.

आता गुडघा. निखळलेला गुडघा पुष्कळदा अपघाताच्या जागीच आपोआप बसतो. फोटोत हाडं जागच्या जागी, आणि रिपोर्ट नॉर्मल! पण गुडघा सुजलेला आणि दोन-तीन दिशांना ढिला लागत असेल तर तो निखळून बसलेला आहे असंच धर. गुडघ्यामागची रोहिणी वर आणि खाली दोन्हीकडे जखडलेली असते, त्यामुळे ती ताणली जाते आणि आतलं अस्तर फाटतं. तेव्हा नाडी लागते; गुठळी धरते ती काही तासांनी. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, हे गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं की सीटी अँजिओग्राफीची (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनची) सोय असलेल्या ठिकाणी लगेच पाठव. ठीक आलं तरी त्या रात्री पुन्हा पुन्हा नाडी बघत राहा आणि वेळ लिहून ठेव.

खुबा निखळला असेल तर तो शक्यतो सहा तासांच्या आत बसायला हवा. उशीर झाला तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटायचा धोका वाढतो, आणि तो गोळा दोन वर्षांनीही खचू शकतो. चालायला लागलेल्या माणसाला पुढच्या तपासण्यांना का यायचं हे पटत नाही. ते समजावून सांगायला वेळ दे.

मांडीचं हाड मोडलेला तरुण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागला तर 'दारू सुटल्यामुळे असेल' असं कोणीतरी म्हणेल. असेलही. पण आधी बोटाला पल्स ऑक्सिमीटर लाव. श्वासाची गती मोज, शर्ट काढून काखेत, मानेवर आणि पापणी ओढून आतल्या बाजूला लाल बारीक ठिपके शोध. फॅट एम्बोलिझम (मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुफ्फुसांत आणि मेंदूत जाऊन अडकणं) साधारण २४ ते ७२ तासांत दिसतो, ठिपके प्रत्येकात दिसतातच असं नाही, आणि छातीचा पहिला फोटो साफ असू शकतो. त्यावर नेमकं औषध नाही. ऑक्सिजन, श्वासाचा आधार आणि आयसीयू हाच उपचार. मोडलेलं हाड लवकर स्थिर केलं की तो धोका कमी होतो, म्हणून "चार दिवस ट्रॅक्शनवर (वजन लावून पाय ताणून) राहू दे" हे सहज बोलू नये.

शेतातल्या मोटारीचा शॉक बसलेला किंवा फिट येऊन गेलेला माणूस खांदा धरून आला, हात पोटाशी चिकटलेला आणि बाहेर वळतच नाही, तर समोरून काढलेल्या एका फोटोवर विश्वास ठेवू नकोस. खांदा मागे निखळलाय का ते काखेतून काढलेल्या फोटोत कळतं. हे निदान जगभर सर्रास हुकतं, आणि महिनाभरानं तो पेशंट 'आखडलेला खांदा' म्हणून फिजिओथेरपीला जातो.

मळणी यंत्रात किंवा ट्रॉलीखाली सापडलेला हात-पाय आला तर अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासात, धनुर्वाताचं बघ, भरपूर सलाइननं धू, आणि मातीनं भरलेली जखम टाके घालून बंद करू नकोस. कमरेचं हाड मोडून बीपी पडत असेल तर चादर मांडीच्या वरच्या उंचवट्यांच्या पातळीला बांध, पोटावर नको.

धोका कोणाला जास्त, हे पुष्कळदा अपघाताच्या आधीच ठरलेलं असतं, म्हणून हिस्टरी घाईत उरकू नये. तंबाखू विचारलीस तर बायका नाही म्हणतील, मशेरी विचार. निकोटीन कशातूनही गेलं तरी हाड जुळायला वेळ लागतो. शुगर विचार. गुडघेदुखीवरची चूर्णं विचार, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ सापडते. पन्नाशी उलटलेल्या बाईचं उभ्यानं पडून मनगट मोडलं तर तो हाडं ठिसूळ झाल्याचा पहिला इशारा समज. पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं, आणि खुबा मोडलेल्या वृद्धांतले साधारण पाचांतला एक वर्षभरात दगावतो. त्याच ठिसूळपणासाठी कित्येक वर्षं अॅलेंड्रोनेट घेणारी आजी मांडी दुखते म्हणाली तर दोन्ही मांड्यांचा फोटो काढ आणि बाहेरच्या कडेला हाड जाड झालंय का बघ. क्वचित त्या औषधामुळेही मांडीचं हाड आडवं मोडतं, आणि आधी काही आठवडे-महिने दुखून इशारा देतं. मात्र औषधाची भीती घालू नकोस. त्यानं टळणारी फ्रॅक्चर्स कितीतरी जास्त आहेत.

प्लास्टर निघाल्यावरचंही थोडं. कोपराला मार लागल्यावर तेल लावून रगडणं आपल्याकडे घरोघरी चालतं. त्यानं स्नायूत हाड धरू शकतं आणि कोपर कायमचा आखडू शकतो. डिस्चार्ज देताना "मालिश नको" हे आजीला समोर बसवून सांग, कारण चोळणार तीच असते. जागचं न हललेलं मनगटाचं साधं फ्रॅक्चर काही आठवड्यांनी परत येऊन "अंगठा उचलत नाही" म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नकोस. अंगठा उचलणारी कंडरा (टेंडन) हाडावर घासून तुटलेली असू शकते, आणि ऑपरेशननं तो अंगठा परत उचलता येतो.

प्रत्येक प्लास्टरवाल्याला मराठीत लिहिलेली चिठ्ठी दे: गोळीनं न थांबणारं दुखणं, मुंग्या, बोटं पांढरी किंवा निळी पडणं, बोटं हलेनाशी होणं, यातलं काही झालं तर रात्र असली तरी लगेच या. फोन करून विचारत बसू नका. १०८ मधून पुढे पाठवताना रेफर चिठ्ठीवर अपघाताची वेळ, शेवटची नाडी कधी लागली आणि प्लास्टर कधी कापलं हे घड्याळाप्रमाणे लिही.

रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी प्लास्टर कापायची करवत चालते का ते बघ. बिघडलेली असेल तर हाताची कात्री आणि स्प्रेडर (कापलेलं प्लास्टर फाकवायचं हत्यार) कुठल्या कपाटात आहेत आणि रात्रपाळीला त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे विचारून ठेव. माझा नंबर आहेच तुझ्याकडे, रात्री-बेरात्री कधीही कर.

तुझी,
मॅडम