घरपट्टीचा आकडा येतो कुठून?

प्रश्न : बीड जिल्ह्यातील एका नगर परिषदेच्या हद्दीत आमचे वडिलोपार्जित घर आहे. मागचा भाग जुन्या माळवदाचा (लाकडी तुळयांवरील मातीच्या सपाट छताचा) असून रस्त्याकडच्या दोन खोल्या स्लॅबच्या आहेत आणि त्यांपैकी एकीत धाकट्या भावाचे शिवणकामाचे दुकान आहे. चतुर्वार्षिक आकारणीच्या नोटिशीत यंदा आमची घरपट्टी जवळपास दुप्पट झालेली दिसते. शेजाऱ्यांचे घर तेवढ्याच जागेवर असताना त्यांची पट्टी मात्र कमी आहे. हा आकडा ठरतो तरी कसा?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : घराच्या बाजारभावावरून घरपट्टी ठरते असा समज सर्वत्र आढळतो, परंतु जिथे भांडवली मूल्याची, म्हणजे जमीन व बांधकामाच्या किमतीवर कर बसवण्याची, पद्धत स्वीकारलेली नाही, तिथे तो बरोबर नाही. 1965 च्या नगर परिषद अधिनियमात आधार आहे तो किरायाचा. हे घर वर्षभर किरायाने दिले तर वाजवी किराया किती येईल, हा प्रश्न कायदा विचारतो, मग त्या घरात तुम्ही स्वतः राहत असलात तरी. या वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी सरसकट 10 टक्के वजा करून जी रक्कम उरते ती करयोग्य मूल्य, आणि कराची टक्केवारी लागते ती या रकमेवर.

आकडे समजुतीपुरते घेऊ. घर 60 चौरस मीटरचे आहे आणि निवासी दर दरमहा चौरस मीटरला 15 रुपये आहे असे धरले, तर वार्षिक भाडेमूल्य 10,800 आणि करयोग्य मूल्य 9,720 रुपये होते. त्यातील 15 चौरस मीटरची एक खोली दुकान म्हणून नोंदली गेली आणि व्यापारी दर 40 रुपये असला, तर त्या एका खोलीचेच भाडेमूल्य 7,200 रुपये, उरलेल्या 45 चौरस मीटरचे 8,100 रुपये, आणि एकूण करयोग्य मूल्य 13,770 रुपये होते. घर तेच, भिंती त्याच. फरक पडला तो वापराच्या रकान्यातील एका शब्दाने. शिवाय बिगरनिवासी भागावर रोजगार हमी उपकर लागतो तो वेगळाच. शेजाऱ्यांशी तुलना करताना केवळ जागा पाहून चालत नाही, याचे कारण हेच.

दुकान चालू असेल तर त्या भागाच्या व्यापारी नोंदीवर वाद घालण्यात अर्थ नाही. आम्हाला खरी मेख माळवदात दिसते. स्लॅब, पत्रा आणि दगड-मातीचे बांधकाम यांचे दर निरनिराळे असतात. मोजणीला आलेल्या माणसाने रस्त्यावरून पुढच्या दोन खोल्या पाहून सबंध घर स्लॅबचे लिहिले असण्याची शक्यता आहे (हे अनुमान आहे, आरोप नव्हे). म्हणून आकारणी यादीतील आपल्या मालमत्ता क्रमांकापुढचा उतारा मागून घ्या आणि क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष व वापर हे चार रकाने घरी बसून, टेप हातात घेऊन ताडून पाहा. चूक आढळल्यास नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत लेखी हरकत द्या, माळवदाची छायाचित्रे जोडा, पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. ‘कर फार झाला’ एवढेच लिहिलेल्या अर्जाला सुनावणीत वजन मिळत नाही. ‘अमुक चौरस मीटर माळवदाचे असून स्लॅबचे नोंदले आहे’ या वाक्याला मिळते. यादी एकदा कायम झाली की हेच काम बरेच अवघड होते.

प्रश्न : आमचे गाव लातूर जिल्ह्यात असून तिथे ग्रामपंचायत आहे. आम्हालाही हाच हिशेब लागू होतो का?

उत्तर : नाही. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीसाठी डिसेंबर 2015 च्या दुरुस्तीपासून भांडवली मूल्य धरले जाते. इमारतीच्या क्षेत्रफळाला रेडी रेकनरमधील (सरकारी दरपत्रकातील) जमिनीच्या दराने गुणायचे, त्याच क्षेत्रफळाला बांधकामाचा दर व घसाऱ्याचा (घराच्या जुनेपणाचा) दर यांनी गुणून ती रक्कम त्यात मिळवायची आणि बेरजेला वापराच्या भारांकाने, म्हणजे वापरानुसार ठरलेल्या गुणकाने, गुणायचे. निवासी वापराचा भारांक 1 असतो. उदाहरणादाखल 50 चौरस मीटरच्या घरासाठी जमिनीचा दर 600, बांधकामाचा 15,000 आणि घसाऱ्याचा 0.70 धरला, तर मूल्य 5,55,000 रुपये होते. हजारी 1 रुपया दराने कर 555 रुपये. घर जितके जुने तितका घसाऱ्याचा आकडा खाली येतो, म्हणून बांधकामाचे वर्ष नमुना 8 मध्ये (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत) बरोबर नोंदले आहे ना, ते आधी पाहावे.

प्रश्न : घरपट्टी माझ्या नावाने भरतो, म्हणजे घर माझे झाले ना?

उत्तर : नाही. ती नोंद कर कोणाकडून वसूल करायचा एवढ्यापुरती असते. मालकीसाठी खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसाहक्काची कागदपत्रेच लागतात. पावत्या मात्र जपून ठेवाव्यात, कारण ताबा कोणाचा होता हे दाखवताना त्यांचा उपयोग होतो.