गाडी चालवताना मोबाईल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात माझी वकिली आहे. गाडी चालवताना फोन वापरण्याबद्दल वाचक विचारतात ते प्रश्न फिरून फिरून तेच असतात: सिग्नलला चालतं का, हँड्सफ्री चालतं का, दंड भरला की प्रकरण मिटतं का. ऐकीव माहिती इतकी पसरली आहे की आज सगळ्यांना एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न: सिग्नल लाल होता, गाडी थांबलेली होती. तेवढ्यात मेसेज पाहिला तर हवालदाराने चलान केलं. गाडी चालूच नव्हती, मग गुन्हा कसला? (ठाणे)

सिग्नलला थांबलात तरी तुम्ही रस्त्यावरच असता आणि स्टिअरिंगवरही तुम्हीच असता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये सिग्नलसाठी सवलत लिहिलेली नाही. चलानाला आव्हान देता येतं, पण आधी त्यावरचा फोटो वकिलाला दाखवा.

प्रश्न: ब्लूटूथवर किंवा इअरफोनवर बोललं तर गुन्हा नाही, असं उच्च न्यायालयानेच म्हटल्याचा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आहे. खरं आहे का? (कोथरूड, पुणे)

हा मेसेज मलाही दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी पाठवतं. निकाल केरळ उच्च न्यायालयाचा, २०१८ चा. तिथे प्रश्न होता तो केरळच्या पोलीस कायद्यातल्या कलम ११८(ई) चा. लोकांच्या जिवाला धोका झाल्याशिवाय नुसतं फोनवर बोलणं त्या कलमाखाली गुन्हा ठरत नाही, एवढंच न्यायालयाने म्हटलं. त्यानंतर १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि गाडी चालवताना हातात धरलेलं संपर्काचं साधन वापरणं हे ‘धोकादायक वाहन चालवणं’ म्हणून कलम १८४ मध्ये सरळ लिहिलं गेलं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर १०,००० रुपये दंड, किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कायद्याचे शब्द ‘हातात धरलेलं साधन’ असे आहेत. म्हणून हँड्सफ्री बोलणं आपोआप या वाक्यात बसत नाही, हे खरं. पण त्याच कलमात शेवटी आणखी एक वाक्य आहे: सक्षम आणि सावध चालकाकडून जी अपेक्षा असते, तिच्यापेक्षा फारच खालच्या दर्जाचं आणि उघड धोक्याचं चालवणं हेही धोकादायकच. कानात दोन्ही बोळे घालून बोलता बोलता लेन सोडली, मागचा हॉर्न ऐकू आला नाही आणि कुणाला धडक बसली, तर ‘फोन हातात नव्हता’ एवढ्यावर सुटका होईल असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो आणि हँड्सफ्रीमुळे तो फारसा कमी होत नाही. बोलणं टाळाच. तुमच्यावर आधीच चलान असेल तर कोणतं कलम लावलंय ते बघून वकिलाचा सल्ला घ्या.

प्रश्न: मी घरोघरी जेवण पोचवतो. मोबाईल हँडलवर लावल्याशिवाय पत्ता सापडत नाही. दुकानदाराने ‘आरटीओ मान्यताप्राप्त’ म्हणून ९०० रुपयांचा होल्डर दिला. आता पोलीस पकडणार नाहीत ना? (पिंपरी)

दुकानदाराने तुम्हाला फसवलं. आरटीओ मोबाईलचे होल्डर तपासून त्यांना मान्यता देत बसत नाही. दोनशेचा घ्या नाहीतर नऊशेचा, कायद्यासमोर दोन्ही सारखेच.

रस्ता पाहायला फोन वापरायची मुभा मात्र खरीच आहे. ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं आहे: असं साधन फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. ‘फक्त’ म्हणजे फक्त. चालत्या गाडीवर अंगठ्याने ऑर्डर स्वीकारणं, ग्राहकाला ‘आलोच’ असं लिहिणं, हे मार्ग पाहणं नव्हे. ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. तीन सेकंद स्क्रीनकडे बघितलंत की पन्नास मीटर रस्ता न बघता कापला. पत्ता निघण्याआधीच टाका, आवाज चालू ठेवा, ऑर्डर आली तर कडेला थांबून बघा. थांबल्यामुळे कंपनी पैसे कापत असेल तर त्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि कामगार कायद्याच्या जाणकाराला दाखवा. वेळेचा धाक घालून मुलांना चालत्या गाडीवर फोन बघायला लावणाऱ्या या धंद्याबद्दल मला फार राग आहे.

प्रश्न: फोनवर बोलताना पकडलं गेलो आणि तिथल्या तिथे दंड भरला. आता आरटीओकडून परवाना निलंबनाची नोटीस आली आहे. एका गुन्ह्याला दोन शिक्षा कशा? (नाशिक)

‘दंड भरला की संपलं’ हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. तुम्ही भरलीत ती कलम २०० खालची तडजोडीची रक्कम. ती भरल्याने खटला टळतो, पण त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की परवान्यावरची कारवाई त्यामुळे थांबत नाही, आणि पुढे पुन्हा सापडलात तर हा पहिला गुन्हा म्हणून मोजला जातो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ सालीच राज्यांना सांगितलं होतं की मोबाईलवर बोलत गाडी चालवणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा.

नोटिशीला उत्तर द्यायची मुदत पाळा. मुदतीत उत्तर गेलं नाही तर तुमचं म्हणणं न ऐकताच निर्णय होईल. गाडीवरच पोट असेल तर आजच वकील गाठा.

प्रश्न: चलानाचा व्हॉट्सअ‍ॅप आला आहे, सोबत एक फाइल आहे. उघडू का? आणि ओळखीचा एजंट म्हणतो की लोकअदालतीत पाऊण रक्कम माफ करून देतो. (सोलापूर)

फाइल उघडू नका. चलान परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीच्या नंबराने स्वतः शोधा. तिथे नसेल तर तो मेसेज खोटा. फाइल उघडून बसला असाल तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा.

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. लोकअदालत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण भरवतं, तिथे जायला दलाल लागत नाही. चलान खरं असेल पण चूक तुमची नसेल, तर कॅमेऱ्यावरच्या चलानाची नोटीस घटनेपासून १५ दिवसांत निघायला हवी, हा नियम १६७अ लक्षात ठेवा आणि तारखा घेऊन वकिलाकडे जा.

प्रश्न: माझ्या वडिलांना महामार्गावर मोटारीने उडवलं, ते जागीच गेले. चालक फोनवर बोलत होता असं टपरीवाल्याने पाहिलं. चार महिने झाले. काका म्हणतात, पोलिसांचं आणि कोर्टाचं आटोपू दे, मग भरपाईचं बघू. बरोबर आहे ना? (सातारा जिल्हा)

नाही. काकांची भावना चांगली असेल, पण हा सल्ला तुमचं नुकसान करेल. या प्रश्नावर मी सविस्तरच लिहिते, कारण असे लोक माझ्याकडे सातव्या-आठव्या महिन्यात येतात आणि तोवर हाताशी असलेला पुरावा गेलेला असतो.

पहिली गोष्ट मुदतीची. १ एप्रिल २०२२ पासून भरपाईचा दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करायचा असतो, कलम १६६(३). या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, म्हणून मुदत विसरा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तुमच्या हातात दोन महिने आहेत. चालकावरचा फौजदारी खटला (निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहिता कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा) वेगळा आणि तुमचा दावा वेगळा. तो संपायची वाट बघायची काहीच गरज नाही. खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो. दाव्यात कोणती बाजू जास्त संभवनीय आहे ते पाहतात.

दुसरी गोष्ट पुराव्याची, आणि माझा जीव तिथेच तुटतो. रस्त्यावरच्या मृत्यूंच्या सरकारी अहवालात २०२२ साली देशभरात १,६८,४९१ माणसं गेल्याची नोंद आहे. त्यांपैकी मोबाईलच्या वापरामुळे म्हणून नोंदवलेली ३,३९५. रस्त्यावर उभं राहून दहा गाड्या बघणाऱ्या कुणालाही हा आकडा कमी वाटेल. माझं मत असं की फोनचा शोधच घेतला जात नाही. पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा येतात, काचांचे तुकडे येतात, गाडी कोणत्या बाजूला उलटली ते येतं. चालकाचा फोन कुठे होता, हा रकाना कुणी भरत नाही. मग ‘अतिवेग’ लिहून कागद पुढे जातो.

फोन मात्र स्वतःची नोंद ठेवत असतो. सीडीआर म्हणजे कॉलच्या तपशिलाचा कागद दिसायला रुक्ष असतो: कुणाचा नंबर, कॉल कधी सुरू झाला तो तास-मिनिट-सेकंद, किती सेकंद चालला, कोणत्या टॉवरवर. समजा चालकाचा कॉल ७ वाजून ४२ मिनिटांनी सुरू झाला आणि ९६ सेकंदांनी तुटला. आणि १०८ ला पहिला फोन गेला ७ वाजून ४४ मिनिटांनी. हे दोन कागद शेजारी ठेवले की टपरीवाल्याच्या साक्षीला बळ येतं. दूरसंचार कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, म्हणून तुमच्याकडे अजून वेळ आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवरचा कॉल सीडीआरमध्ये साध्या कॉलसारखा दिसत नाही. त्यासाठी चालकाचा फोनच जप्त होऊन तपासला जायला हवा, आणि चार महिन्यांत माणूस फोन बदलतो.

कॅमेऱ्याचं तर विचारूच नका. पेट्रोल पंपाचा, ढाब्याचा, सोसायटीचा कॅमेरा जुनं चित्रण पुसून त्यावर नवं भरत राहतो. कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात. तेराव्यानंतर बघू म्हणणाऱ्या घराला मी दोष देत नाही, दुःखात कोण कॅमेरे शोधत फिरेल? म्हणून हे काम शेजाऱ्याने, भाच्याने, गावातल्या कुणीतरी पहिल्या आठवड्यातच करायला हवं, आणि कुटुंबाला न विचारता.

तुम्ही आता काय करायचं? तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या: चालकाचा सीडीआर मागवा, फोन जप्त झाला का ते कळवा, टपरीवाल्याचा जबाब नोंदवा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही. पोलिसांनी प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तुमचे ९० दिवस उलटले, तर प्रत मागा. त्या अहवालावरही दावा चालू शकतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका, आपला अर्ज आपण करा. न्यायाधिकरणाला कागदपत्रं मागवायचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत (कलम १६९). पोलीस हलले नाहीत तर वकील तिथून सीडीआर मागवू शकतो. आणि असा कोणताही इलेक्ट्रॉनिक कागद दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे ती नोंद कुठून आणि कशी काढली हे सांगणारा कागद, सोबत हवं. ते नसल्यामुळे चांगला पुरावा अडकलेला मी पाहिला आहे.

विमा कंपनीचा माणूस घरी येऊन ‘इथेच मिटवू’ म्हणाला तर कशावरही सही करू नका. आधी वकील. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, तेव्हा अर्ज आईच्या नावाने करा.

प्रश्न: मुलगा सतरा वर्षांचा आहे. क्लासला ११० सीसीची स्कूटर नेतो आणि चालवताना रील काढतो. समजावून ऐकत नाही. (कोल्हापूर)

चावी काढून घ्या, आजच. कलम १९९अ खाली तुरुंगात तुम्ही जाल, तीन वर्षांपर्यंत, वर २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होईल आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळणार नाही.

प्रश्न: बसचा चालक मोबाईलवर व्हिडिओ बघत होता. तक्रार केली तर काही होतं का? (पनवेल)

होतं. मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक क्रिकेटचा सामना बघत गाडी चालवत होता. एका प्रवाशाने व्हिडिओ काढला, तक्रार वर गेली आणि चालकाची नोकरी गेली. तुमच्या व्हिडिओत बसचा नंबर, रस्ता आणि चालकाचा हात दिसू द्या, वेळ टिपून ठेवा, तिकीट जपा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीला न्यायालयात फार प्रश्न विचारले जातात. पण आधी बस थांबवायला वाहकाला सांगा, आणि धोका वाटला तर ११२.

प्रश्न: मुलगी इंग्लंडमध्ये आहे, गेल्या वर्षीच तिथला परवाना मिळाला. सिग्नलला फोन हातात घेतला म्हणून नोटीस आली. दंड भरून टाकू दे का? (डोंबिवली)

थांबा. तिथे नियम कडक आहेत: सिग्नलला थांबलेल्या गाडीतही फोन हातात धरून वापरणं गुन्हा, २०० पौंड दंड आणि परवान्यावर ६ गुण. परवाना मिळून दोन वर्षं झालेली नसतील तर ६ गुणांवर तो रद्द होतो. पैसे भरण्याआधी तिने तिथल्या वकिलाशी बोलावं, आणि नोटिशीवरची उत्तराची तारीख चुकवू नये.