२१४७४८३६४७ मूळ आहे हे हाताने कसं ठरवलं?

प्रश्न असा आहे: ३२ बिटांत (म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागांत) चिन्हासह मावणारी सर्वात मोठी संख्या २१४७४८३६४७ नेमकी मूळ संख्याच कशी, आणि कॉम्प्युटर नसताना हे कळलं कसं?

पहिला भाग निव्वळ योगायोग. एक बिट चिन्हासाठी जातो, उरलेल्या ३१ बिटांची कमाल किंमत २^३१ − १. घातांक मूळ नसेल तर अशी संख्या मूळ होऊच शकत नाही. म्हणून १६ बिटांची ३२७६७ (७ × ३१ × १५१) आणि ६४ बिटांची २^६३ − १ या दोन्ही बाद. ३१ मूळ असल्यामुळे इथे निदान वाव होता. खात्री मात्र नव्हती, कारण ११ मूळ असूनही २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

दुसरा भाग मला फार प्रिय आहे. १७७२ मध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, गणितज्ञ ऑयलरने बर्नुली या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून ही संख्या मूळ असल्याचं कळवलं. साध्या पद्धतीने गेलं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या ४७९२ आहेत. ऑयलरने आधी विचारलं, की विभाजक असलाच तर तो कसा दिसेल?

समजा, 'प' हा मूळ विभाजक आहे. मग २^३१ ला 'प'ने भागल्यावर बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयानुसार २^(प − १) ची बाकीही १. ३१ मूळ असल्याने प − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा, आणि 'प' विषम म्हणून ६२ ने. शिवाय २^३२ ची बाकी २ येते. २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. ज्या 'प'साठी कुठल्या तरी वर्गाची बाकी २ येते, त्याला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ च उरतात. दोन्ही अटी एकत्र केल्या की 'प' २४८क + १ किंवा २४८क + ६३ याच रूपाचा असू शकतो ('क' म्हणजे ०, १, २, ३ अशी कुठलीही पूर्ण संख्या).

४६३४० पर्यंत अशा जेमतेम पावणेचारशे संख्या, आणि त्यांतल्याही बहुतेक मूळ नाहीत. ६३, २४९, ४९७, ५५९ गळतात. पहिला खरा उमेदवार ३११ (बाकी ३५), त्यानंतर थेट १३०३ (बाकी २२६). कागदावर करून बघाच, एका बैठकीत बरंच अंतर कापलं जातं.

अशा संख्येचा उपयोगही आहे. १ पासून सुरुवात करून दर वेळी १६८०७ ने गुणा आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्या. १ ते २१४७४८३६४६ मधली प्रत्येक संख्या बरोबर एकदा येते, मगच १ परत येतो. यादृच्छिक वाटणारे आकडे तयार करायला ही रीत अनेक वर्षं वापरात आहे. भाजक मूळ नसता, तर शून्य सोडून सगळ्या बाक्यांतून जाणारी अशी साखळी मिळालीच नसती.