मोबाइलवरच्या स्मरणशक्ती चाचणीत आईला कमी गुण मिळाले, म्हणजे डिमेन्शियाच का?

आईंना ३० पैकी १९ गुण मिळाले आणि तेव्हापासून तुम्हाला झोप नाही, असं लिहिलंय तुम्ही. बाबांच्या वेळी माझंही असंच झालं होतं, म्हणून लिहिते.

बाबा सातवी शिकलेले, हयात एसटी चालवण्यात गेली. चाचणी इंग्रजीत होती, मी शब्द मराठीत सांगत होते. त्यांना कमी ऐकू येतं हे आम्ही तोवर मनावर घेतलंच नव्हतं. जो शब्द नीट कानावरच पडला नाही, तो पाच मिनिटांनी आठवणार कसा? शिक्षणाचाही गुणांवर परिणाम होतो. म्हणूनच दवाखान्यात वापरतात त्या 'मोका' चाचणीत बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात.

आता थोडं गणित. भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना डिमेन्शिया आहे, असा लासी-डॅड या ज्येष्ठांच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे (७.४ टक्के). समजा, एखादी चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे, म्हणजे शंभर रुग्णांतले ८० ती ओळखते आणि शंभर निरोगी माणसांतल्या ८० जणांना 'ठीक' म्हणते. साठीपुढच्या हजार जणांनी ती दिली तर त्यांतल्या ७४ रुग्णांपैकी ५९ सापडतील, पण १८५ निरोगी माणसांवरही ठपका येईल. म्हणजे 'धोका' असा निकाल आलेल्या चौघांपैकी तिघांना तो आजार नसेल. उलट, १५ रुग्ण 'ठीक' म्हणून सुटतील, तेव्हा चांगले गुण आले म्हणूनही निर्धास्त होऊ नका.

मग या चाचण्या निरुपयोगी का? मुळीच नाही. ब्रिटनमध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात २०१५ पासून हजारो लोक घरच्या संगणकावर दरवर्षी अशा चाचण्या देताहेत. तिथे माणसाची तुलना त्याच्याच आधीच्या कामगिरीशी करता येते. एका रात्री घाईत काढलेल्या आकड्यात ती सोय नसते.

तरी आईंना डॉक्टरांकडे न्याच. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही विसरायला होतं, आणि यांवर उपाय आहेत. बाबांचं बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनं आणि श्रवणयंत्र यांनी बराच फरक पडला, सगळा नाही. दर सहा महिन्यांनी आम्ही त्यांना दाखवतो.

जाण्याआधी एक करा. गेल्या वर्षभरात काय बदललं ते तारखांसकट लिहून काढा: तोच प्रश्न पुन्हा विचारणं, पैशांचा हिशेब चुकणं, रोजच्या वाटेवर गोंधळणं, नेहमीचा स्वयंपाक अर्ध्यावर अडणं. सध्याच्या सगळ्या गोळ्या, चष्मा बरोबर घ्या. आणि आईंसमोर तो १९चा आकडा पुन्हा काढू नका, त्या आधीच धास्तावल्या असतील. आमच्या डॉक्टरांनी मोबाइलवरचे गुण बाजूला ठेवले आणि माझ्या आईने बाबांबद्दल वहीत लिहिलेलं पानभर टिपण आधी वाचायला घेतलं.